आजी, नातवंडं आणि समुद्र: सगळ्या घराला घेऊन पहिल्यांदा रिसॉर्टला जाणाऱ्यांसाठी

गेल्या डिसेंबरात आम्ही अकरा जण अलिबागला गेलो होतो. सासरे ७९, सासूबाई ७४, माझी आई ७०, मग आम्ही दोघं, नणंद आणि तिचे मिस्टर, आणि चार मुलं, त्यातला भाचा सोळा वर्षांचा आणि माझा धाकटा चौदा महिन्यांचा. त्याच्या दोन वर्षं आधी पण एक ट्रिप केली होती आणि ती इतकी फसली होती की परत आल्यावर सासूबाई आठ दिवस "आता मला कुठे नेऊ नका" म्हणत होत्या. दोन्ही ट्रिपा मिळून जे कळलं ते इथे लिहितेय, कारण सोसायटीतल्या दोघीतिघींनी विचारलं आणि प्रत्येकीला फोनवर तासभर सांगून माझा घसा बसला.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की करा. आपल्याला वाटतं म्हातारी माणसं आणि लहान मुलं म्हणजे दोन वेगळे प्रॉब्लेम. तसं नसतं. सव्वा वर्षाचं बाळ आणि चौऱ्याहत्तरची आजी यांचं टाइमटेबल जवळजवळ एकच असतं. दोघंही पहाटे साडेपाचला टक्क जागी, दोघांनाही साडेसातला खायला लागतं, दुपारी दोघांना झोप, संध्याकाळी सातला मऊ भात, नऊला डोळे मिटले. दोघांनाही पायऱ्या नकोत, ऊन नको, बाथरूम जवळ हवं. ट्रिप बिघडवतात ते मधले, म्हणजे आपण, जे रात्री एक वाजेपर्यंत पत्ते कुटतात आणि सकाळी दहाला उठून "चला बीचवर" म्हणतात, तोवर ऊन डोक्यावर आलेलं असतं. तर सगळं प्लॅनिंग थोरल्या आणि धाकट्या माणसाच्या घड्याळावर लावायचं.

तारीख ठरवताना आधी कॅलेंडरमधली तिथी बघा

हो, तिथी. मुहूर्तासाठी नाही, समुद्रासाठी. मुंबईची माणसं समुद्राकाठी राहून भरती-ओहोटी बघत नाहीत, बघतात ती फक्त पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वर लाटांचा इशारा आला की. पण रिसॉर्टला जाऊन किनाऱ्यावर पोचलात आणि पाणी पार सुरूच्या झाडांपर्यंत आलेलं असलं की मुलांना खेळायला वाळूच नाही, आणि ओहोटी भर दुपारी बाराला आली तर त्या वाळूचा उपयोग शून्य.

कोकणात जुना हिशोब आहे, माझ्या सासऱ्यांनी शिकवला, त्यांचं बालपण रेवदंड्याचं. तिथीचा पाऊणपट करा, तेवढ्या वाजता पूर्ण भरती. अष्टमी असेल तर आठाचे पाऊणपट सहा, म्हणजे सकाळी सहा आणि संध्याकाळी सहाच्या सुमाराला भरती, आणि मधे सहा तासांनी, दुपारी बाराला ओहोटी. पंचमीला पावणेचार. पौर्णिमा-अमावस्येला साधारण अकरा-बाराला भरती, आणि ती उधाणाची, पाणी भरपूर चढतं आणि भरपूर उतरतं. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, चढ-उतार कमी. दर दिवशी वेळ पंचेचाळीस-पन्नास मिनिटांनी पुढे सरकते म्हणून हा हिशोब जमतो. मिनिटाला मिनिट बरोबर येत नाही, पक्की वेळ मोबाइलवर बघा, पण तारीख निवडायला कॅलेंडर पुरतं.

आता आपल्याला काय हवं, तर सकाळी साडेसात ते साडेनऊमधे ओहोटी, कारण तेव्हा ऊन कोवळं असतं, थोरले-धाकटे फ्रेश असतात, आणि ओलसर घट्ट वाळू लांबपर्यंत उघडी पडते. ती घट्ट वाळू फार कामाची. कोरड्या वाळूत पाय रुततो, गुडघेवाल्या माणसाला चार पावलं जड, व्हीलचेअर तर रुतूनच बसते. ओल्या वाळूवर सासूबाई काठी घेऊन चक्क अर्धा किलोमीटर चालल्या. म्हणजे पौर्णिमा किंवा अमावस्या झाल्यावर दोन ते चार दिवसांनी जा, भरती दुपारी दीड ते तीन, ओहोटी सकाळी साडेसात ते नऊ.

आम्ही अगदी हुशारीने असं सगळं बसवलं आणि त्यात नेमकी संकष्टी आली. सासूबाईंचा उपास. त्यावर पुढे लिहिते.

बाकी सीझनचं थोडक्यात: दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत उत्तम, एप्रिल-मे मधे शाळेला सुट्टी असते पण घामाने म्हातारी माणसं गळून जातात, पावसाळ्यात समुद्रात उतरायचं नावच काढू नका आणि गेटवेच्या लाँचही तेव्हा बंद असतात. नाताळ ते न्यू इयर हा आठवडा सोडून द्या, भाव दुप्पट आणि रात्री दोनपर्यंत डीजे. शक्य असेल तर गुरुवारी निघून शनिवारी परत. शाळेचे दोन दिवस बुडतील, बुडू द्या.

कुठे जायचं

पहिलीच वेळ असेल तर मुंबईहून अलिबागच्या पट्ट्याच्या पुढे जाऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे. गणपतीपुळे, तारकर्ली सुंदर आहेत, कोण नाही म्हणतंय, पण इतके तास गाडीत बसून सासऱ्यांचे पाय सुजतात आणि बाळ रडून रडून निळं होतं. अलिबाग जिल्ह्याचं गाव आहे, सिव्हिल हॉस्पिटल आहे, मेडिकलची दुकानं आहेत, आणि थोरल्या माणसांना घेऊन जाताना ही गोष्ट कुठल्याही स्विमिंग पूलपेक्षा मोठी.

त्या पट्ट्यात पण फरक आहे. किहीम आणि वरसोलीला सुरूची सावली आहे, आजी-आजोबांना खुर्ची टाकून बसायला बेस्ट. किहीमला पक्षीतज्ज्ञ डॉ. सलीम अलींनी १९३० मधे सुगरणीच्या घरट्यांचा अभ्यास केला होता, हे मुलांना सांगितलं तर ती झाडांकडे बघत तरी चालतात. नागावला वॉटर स्पोर्ट्स, म्हणजे सोळा वर्षांच्या मुलाला खूश करायला ठीक पण शनिवार-रविवारी किनाऱ्यावर घोडागाड्या आणि चारचाकी बाइक्स अशा सुसाट फिरतात की बाळाला खाली ठेवायची सोय नाही. काशीदची वाळू पांढरी, फोटो छान येतात, पण तिथे पाण्याला ओढ आहे, बुडाल्याच्या बातम्या दर वर्षी वाचतो आपण. लहान मुलं असताना काशीद फक्त बघायला, पाण्यात खेळायला नाही.

फोन करून काय विचारायचं

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, इथे घाई करू नका. वेबसाइटवर "चाइल्ड फ्रेंडली" लिहिलेलं असतं, त्याचा अर्थ बहुतेक वेळा एक प्लास्टिकची घसरगुंडी आणि भिंतीवर काढलेला मोटू-पतलू एवढाच. "बीच टच" लिहिलेलं असतं आणि निघतं काय तर गल्लीतून दहा मिनिटं चालत, मधे रस्ता क्रॉस. पहिल्या ट्रिपला आम्ही फोटो बघून सी-व्ह्यू रूम घेतल्या, नाव सांगत नाही, आणि सी-व्ह्यू म्हणजे काय तर पहिला मजला, लिफ्ट नाही, सतरा पायऱ्या आणि कठड्याच्या सळयांमधून अख्खं पोर खाली जाईल एवढी फट. सासूबाई तीन दिवसांत चार वेळा खाली आल्या फक्त. समुद्र बघायला आलोय तर तो पायाशी बघू ना, खिडकीतून कशाला. सी-व्ह्यूचे जास्तीचे पैसे देऊ नका, त्या पैशात तळमजल्यावरच्या एकमेकींना लागून असलेल्या खोल्या मागा, पुढे सामायिक व्हरांडा असलेल्या. तो व्हरांडाच खरं रिसॉर्ट. चहा तिथे, भाजी निवडल्यासारखी कोळंबी सोलायची तिथे, बाळ रांगतं तिथे, रात्री पत्ते तिथे.

तर फोनवर मॅनेजरला, रिसेप्शनच्या मुलाला नाही, हे विचारा. तळमजल्यावर किती खोल्या आणि दाराला उंबरा-पायरी किती. कमोड आहे का, बाथरूमच्या फरशा गुळगुळीत आहेत का, आत प्लास्टिकचं स्टूल मिळेल का. गरम पाणी चोवीस तास की सकाळी दोन तास. लाइट गेली तर जनरेटरवर एसी चालतो की फक्त पंखा. नळाचं पाणी मचूळ आहे का, कारण समुद्राजवळच्या बोअरला असतं आणि त्यात बाळाचं दूध-पाणी करता येत नाही. पूलला कुंपण आणि गेट आहे का, लहान मुलांचा पूल वेगळा आहे का आणि तो किती फूट. पूलमधे नायलॉनचाच कॉश्च्युम लागतो, सुती कपडे चालत नाहीत, हा नियम जवळपास सगळीकडे आहे, त्यामुळे घरूनच घेऊन जा, नाहीतर तिथे भाड्याने मिळणारा ओलसर कॉश्च्युम घालावा लागतो आणि ते मी कुणाच्या शत्रूलाही सांगणार नाही. माझ्या आईने दादरला जाऊन पायघोळ नायलॉनचा घेतला आणि सत्तराव्या वर्षी पहिल्यांदा पूलमधे उतरली, काठाला धरून अर्धा तास हसत होती.

मग व्हिडिओ कॉल करा. खोलीच्या दारापासून किनाऱ्यापर्यंत चालत जाऊन दाखवा म्हणावं. जो दाखवतो त्याच्याकडे बुकिंग करा, जो "मॅडम एकदम क्लोज आहे, टेन्शन नका घेऊ" म्हणतो त्याला सोडा.

पैशांचं पण तेव्हाच क्लिअर करायचं. अलिबागकडे बऱ्याच ठिकाणी रेट माणशी असतो, नाश्ता, दोन जेवणं, संध्याकाळचा चहा-भजी धरून. पाच वर्षांखालचं मूल बहुतेक फ्री, पाच ते दहा-बारा हाफ, पण ही वयं प्रत्येकाची वेगळी म्हणून मेसेजवर लिहून घ्या. ड्रायव्हर असेल तर त्याचं झोपणं-जेवण विचारा. आणि सांगितलेला रेट टॅक्स धरून की सोडून, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्याच्या वर गेलात की १८ टक्के. अकरा माणसांच्या बिलात हा फरक म्हणजे येतानाचं पेट्रोल सुटतं.

जायचं कसं

हे तुम्ही मुंबईत कुठे राहता त्यावर आहे. दादर-परळ-गिरगावकडच्यांना भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो बोट सगळ्यात सुखाची, २०२० च्या मार्चमधे सुरू झाली, गाडी आत घालायची आणि तासाभरात पलीकडे. वर एसीत बसायला मिळतं, टॉयलेट आहे, बाळाला फिरवता येतं, सीगल बघत मुलं गप्प बसतात. पण गाडीचे स्लॉट वीकेंडचे आधीच भरतात, तेव्हा रिसॉर्टच्या आधी रो-रोचं बुकिंग बघा, उलटं नाही. अर्धा-पाऊण तास आधी पोचा.

गेटवेची लाँच स्वस्त, तिकिटातच मांडव्याहून अलिबागपर्यंत बस. पण गेटवेच्या ओल्या पायऱ्या उतरून हलत्या बोटीत पाय टाकायचा, हे गुडघे दुखणाऱ्या माणसाकडून करून घेणं म्हणजे परीक्षा. एक हात खलाशाचा, एक आपला, आणि पर्स-पिशव्या आधी पुढे देऊन हात मोकळे. १८ डिसेंबर २०२४ ला गेटवेहून घारापुरीला चाललेल्या बोटीला अपघात झाला ते सगळ्यांना आठवत असेल, तर लाइफ जॅकेट कुणी दिलं नाही तर मागून घ्या, मुलांच्या मापाचं आहे का बघा, आणि पट्टे बांधा, नुसतं गळ्यात अडकवून फोटो काढू नका.

ठाणे-मुलुंड-डोंबिवलीकडून असाल तर सरळ रस्ता, पनवेल, पेण, वडखळ. शहरातून जाणाऱ्यांना अटल सेतू आहे, जानेवारी २०२४ पासून, २१.८ किलोमीटर, झटकन पलीकडे, पण त्यावर गाडी थांबवता येत नाही म्हणून शिवडीला चढायच्या आधी सगळ्यांना बाथरूम करून घ्या, आजोबांना पण, "मला नाही लागली" म्हणाले तरी. शनिवारी सकाळी सातला निघालात तर अख्खी मुंबई वडखळच्या नाक्यावर तुमच्या पुढे उभी असते. टेम्पो ट्रॅव्हलर करत असाल तर पायरी उंच असते, एक लाकडी पाट ठेवा गाडीत, उतरताना खाली ठेवायला. आम्ही देवघरातला पाट नेला, सासूबाई रागावल्या, पण उतरल्या त्यावरूनच.

कमी माणसं असतील आणि सामान आटोक्यात असेल तर एसटी पण वाईट नाही, ७५ च्या वरच्यांना फुकट, ६५ ते ७५ निम्मं तिकीट आणि बायकांना पण निम्मं. सासऱ्यांचं म्हणणं होतं की आपण एसटीनेच जाऊ कारण त्यांना फुकट आहे. बाकी दहा जणांचं काय, तर त्याला उत्तर नव्हतं.

बॅगा

कपड्यांची यादी देत बसत नाही, सगळ्यांना कळतं. फक्त जे विसरतं ते सांगते: थोरल्यांच्या गोळ्या ट्रिपच्या दिवसांपेक्षा दोन दिवस जास्त आणि प्रिस्क्रिप्शनचा फोटो दोघातिघांच्या मोबाइलमधे, इन्शुलिन असेल तर बर्फाच्या पाऊचची पिशवी, ओआरएस, थर्मामीटर, बाळाचं तापाचं औषध. नाइट लॅम्प, कारण परक्या खोलीत रात्री उठलं की म्हातारी माणसं पडतात ती स्विच सापडत नाही म्हणून. कपडे वाळत घालायला दोरी आणि चिमटे. जुना चादरीचा तुकडा वाळूत अंथरायला. बाळाच्या अंगाची वाळू काढायला टाल्कम पावडर, पाण्याने चोळण्यापेक्षा पावडर लावून झटकली की पटकन निघते. आणि मच्छरांसाठी जे तुम्ही घरी लावता ते, माडाच्या वाड्या आहेत त्या, संध्याकाळी तोडतात.

पोचल्यावर

चेक-इन बारा-एकला असतं आणि आपण दहालाच पोचतो. आधी फोन करून निदान एक खोली लवकर मागायची, थोरले आणि बाळ तिथे आडवे होतील. खोली ताब्यात आली की पाच मिनिटं कामाला लागा, मी तर रांगत बघते, खरंच, बाळाच्या उंचीवरून: उघडे सॉकेट, टेबलाचे कोपरे, बाल्कनीची फट, बाथरूमच्या दाराची आतली कडी. ती कडी वरची असेल तर बरं, खालची असेल तर पोरं स्वतःला कोंडून घेतात. फ्रिज चालू आहे का बघून इन्शुलिन आत.

खोल्यांच्या वाटणीत एक ट्रिक. आजी-आजोबांच्या खोलीत मोठ्या नातवाला झोपवायचं. आमचा भाचा आधी तोंड वाकडं करून होता पण त्याला सांगितलं की रात्री आजोबा उठले तर तुझी ड्युटी, आणि बदल्यात सकाळी बनाना राइड. त्याला कामही मिळालं आणि एसीच्या रिमोटवरून होणारं भांडणही त्याच्याकडे गेलं, म्हणजे आजीला थंडी वाजते आणि आजोबांना उकडतं, तो मधे बसून सव्वीसवर ठेवायचा.

समुद्र

सकाळी साडेसात ते साडेनऊ, संध्याकाळी साडेचारनंतर. मधे नाही. काळपट वाळू दुपारी तव्यासारखी तापते, अनवाणी बाळाचे पाय भाजतात.

ओहोटीला थोरल्यांना ओल्या वाळूवर फिरवून आणा आणि मग सावलीत खुर्ची. प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय वाळूत रुततात आणि माणूस मागे कलंडतो, चारही पायांखाली एकेक चप्पल घाला, घट्ट बसते. मुलांना पाण्यापेक्षा खेकड्यांची बिळं आणि त्यांनी बाहेर टाकलेल्या वाळूच्या गोळ्यांची नक्षी जास्त आवडते, निदान माझ्या नऊ वर्षांच्या मुलीला, ती दोन तास तेच करत होती.

पाण्यात मुलांना घ्यायचं ते गुडघ्यापर्यंत, त्यांच्या गुडघ्यापर्यंत, आपल्या नाही. पाणी उतरायला लागलं की ते आत ओढतं, म्हणून ओहोटी लागताना लाटा शांत दिसल्या तरी फसू नका. हवेची ट्यूब आणि फ्लोटर समुद्रात अजिबात नाही, ते पूलचं खेळणं, समुद्रात वाऱ्याने बघता बघता लांब जातं. आणि अकरा माणसं किनाऱ्यावर असली की प्रत्येकाला वाटतं दुसरा बघतोय. म्हणून आमच्याकडे ड्युटी असते, अर्धा अर्धा तास, ड्युटीवरच्या माणसाने मोबाइल खिशात ठेवायचा, गप्पा नाही, चहा नाही, फक्त मुलं मोजायची. ड्युटी बदलताना तोंडाने सांगायचं, "आता तुम्ही." नणंदेचे मिस्टर आधी हसले, मग तेच सगळ्यात कडक निघाले.

जेलीफिश चावली, म्हणजे अंगाला लागली, तर चोळायचं नाही, साधं पाणी ओतायचं नाही, समुद्राच्याच पाण्याने धुवायचं, चिकटलेले तंतू हाताने न धरता बारीक चिमट्याने काढायचे आणि डॉक्टर गाठायचा. रिसॉर्टवाल्याकडून पोचल्या दिवशीच जवळच्या मुलांच्या डॉक्टरचा नंबर घेऊन ठेवा, आणि अॅम्ब्युलन्सचा १०८ सगळ्यांना माहीत असू दे. गाडी वाळूत घालू नका, भरतीला अडकते आणि मग ट्रॅक्टर बोलवावा लागतो, त्याचे व्हिडिओ आपण बघतोच.

खाणं

रिसॉर्टचं रात्रीचं जेवण साडेआठ-नऊला लागतं, आणि आपल्या दोन्ही टोकांना सातला भूक. बुकिंगच्या वेळीच ठरवा की सातला मऊ खिचडी किंवा वरण-भात आणि दही, कमी तिखट, एवढं वेगळं हवं. बहुतेक जण देतात, शेफला आधी सांगितलं तर. सकाळी सहाला चहा आणि गरम दूध, हे पण आधीच. बफेच्या रांगेत म्हाताऱ्यांना उभं करू नका, भाचरांना वाढायला लावा.

मासे खाणाऱ्यांची चैन असते. जिताडा मिळाला तर सोडू नका, तो त्या खाडीपट्ट्याचा मान. मुलांना सुरमईचा मधला तुकडा, काटा सांभाळायला सोपा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा ताटात येतं ते बर्फातलं. थंडीत गेलात तर पोपटी लावता का विचारा: मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, बटाटे, अंडी, हवं तर कोंबडी, थेंबभर पाणी नाही, मडकं पालथं घालून वरून जाळ. शाकाहारी मडकं वेगळं लावायला सांगता येतं. फक्त रात्री नऊला थोरल्यांना वालाच्या शेंगा पोटभर देऊ नका, त्याचा निकाल पहाटे तीनला कळतो.

आता संकष्टी. सासूबाईंच्या उपासासाठी साबुदाणा आम्ही घरूनच भिजवून नेला होता, दाण्याचं कूट पण. रिसॉर्टच्या किचनमधे शेफने एक शेगडी दिली, सासूबाईंनी स्वतः उभं राहून खिचडी करून घेतली, आणि मग स्टाफमधल्या दोघांना पण दिली. पण उपास सुटणार चंद्रोदयाला, नऊच्या पुढे, आणि किचन बंद होणार दहाला. आधी सांगून त्यांचं ताट झाकून ठेवून घेतलं, मोदक नव्हते म्हणून खोबऱ्याची वडी. मुलं समुद्राकडे तोंड करून चंद्राची वाट बघत बसली होती. आपला किनारा पश्चिमेचा, चंद्र समुद्रातून कसा वर येईल, तो मागच्या माडांमधून आला. सोळा वर्षांच्या भाच्याला हे तेव्हा कळलं, आणि त्याने मान्य पण केलं, हे जास्त विशेष.

मधल्या दिवसाला काय

एक दिवस एकच ठिकाण. जास्त नाही. कुलाबा किल्ला ओहोटीला चालत जाता येतो, पण परत यायची वेळ आधी बघून ठेवा, पाणी चढलं की अडकलात. थोरल्यांना किनाऱ्यावरून दाखवला तरी पुरतो. सासवण्याला शिल्पकार करमरकरांच्या घरात त्यांची शिल्पं मांडलीयत, ते मात्र सगळ्यांना घेऊन जा, सासरे एका बसलेल्या म्हशीसमोर वीस मिनिटं उभे होते. कनकेश्वर टाळा, सातशेच्या वर पायऱ्या आहेत आणि घरात कोणीतरी "मी हळूहळू चढेन" म्हणतंच. जंजिऱ्याला शिडाच्या होडीतून दगडी पायऱ्यांवर उतरायचं असतं, लाटेबरोबर, ते पण थोरल्यांना नको.

आणि आपल्यासाठी एक संध्याकाळ राखून ठेवा. आजी-आजोबा आणि मुलं व्हरांड्यात, मोठ्या भाच्याकडे फोन, आणि आपण नवरा-बायको पाण्याच्या कडेने तासभर. दुसऱ्या संध्याकाळी नणंद आणि तिचे मिस्टर. म्हाताऱ्यांवर मुलं टाकून फिरायला गेलो असं वाटू नये म्हणून तो तास आधी सगळ्यांसमोर ठरवा, आणि तासाचा दीड तास करू नका.

निघताना

हिशोब तिथेच संपवा. आमच्याकडे एकाच्या हातात सगळे पैसे असतात आणि रोज रात्री ग्रुपवर आकडा पडतो, सासऱ्यांना फक्त नारळपाण्याचा खर्च करू देतो, नाहीतर ते काउंटरवर जाऊन आख्खं बिल भरायला बघतात आणि मग नणंदेचे मिस्टर संकोचतात.

रविवारी असाल तर जेवायला थांबू नका, सकाळी नाश्ता करून दहाला निघा, दुपारी चारनंतर मांडव्याला आणि वडखळला सारखीच रांग. फेब्रुवारीच्या पुढे गेलात तर रस्त्यावर अलिबागचा पांढरा कांदा वेण्या बांधून विकायला असतो, जीआय मानांकनवाला, गोडसर, कच्चा खायचा. दोन-तीन ठिकाणी भाव विचारा आणि गाडीत मागे टांगा, पिशवीत कोंबलात तर दाबून सडतो.

आणि खोली सोडताना पलंगाखाली, बाथरूमच्या दारामागे आणि फ्रिजमधे बघा. आम्ही पेणपर्यंत आलो तेव्हा सासरे शांतपणे म्हणाले, "माझं इन्शुलिन कोणी घेतलं?" कोणीच घेतलं नव्हतं. प्रिस्क्रिप्शनचा फोटो मोबाइलमधे होता म्हणून पेणच्या मेडिकलमधून नवीन घेऊन निभावलं, आणि जुन्याबरोबर उरलेल्या खोबऱ्याच्या वड्यांचा डबा पण तिथेच राहिला, त्याचा विषय मात्र सासूबाई अजून काढतात.